उसाचा रस दुपारी आंबतो, मग पोर्ट का टिकते?

गोव्याहून परतणाऱ्या गाडीत काजू, बेबिंका आणि पोर्ट वाईनची एक बाटली हे त्रिकूट ठरलेलं असतं. बेबिंका दोन दिवसांत संपतो, काजू आठवडाभरात. बाटली मात्र दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात जाऊन बसते. नाताळाला किंवा ३१ डिसेंबरला तिच्यातून घोट-दोन घोट ओतले जातात, बूच परत दाबलं जातं आणि ती पुन्हा जागेवर. तिची काळजी कोणी करत नाही, कारण दोन समजुती तिच्या पाठीशी उभ्या असतात. वाईन जितकी जुनी तितकी चांगली, ही पहिली. ती सिनेमांतून आणि ऐकीव गप्पांतून आलेली आहे. दुसरी थेट आपल्या स्वयंपाकघरातली: गोड पदार्थ टिकतो. मोरावळा वर्षभर राहतो, गुळांबा राहतो, मध तर वर्षानुवर्षं राहतो, मग गोड वाईन का राहू नये? तर्क वरवर बिनतोड वाटतो. पण गोड वाईनमधली साखर तिची राखण करत नाही. उलट तीच तिची सर्वांत मोठी जोखीम असते, आणि वाईनला टिकवणारी गोष्ट दरवेळी दुसरीच कुठली तरी असते. ती कोणती हे कळल्याशिवाय बाटली कुठे ठेवावी हे सांगता येत नाही आणि ती बिघडली की नाही हेही ठरवता येत नाही.

मोरावळ्याचंच पाहू. मुरंब्यासारख्या पदार्थात साखरेचं प्रमाण वजनाच्या साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत किंवा त्याच्याही पुढे जातं. इतकी साखर पाण्याला धरून ठेवते. यीस्टला किंवा जिवाणूला जगायला लागणारं मोकळं पाणी उरतच नाही, उलट त्यांच्याच पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणून तो टिकतो. आता तोच पदार्थ पातळ करा. अमृत कोकम बाटलीत महिनोन्महिने राहतं, पण त्याचं पाणी घालून केलेलं सरबत दुसऱ्या दिवशी फसफसायला लागतं. साखर तीच, तिचं प्रमाण बदललं. उसाच्या रसात साधारण तेरा ते पंधरा टक्के साखर असते आणि सकाळी काढलेला रस दुपारपर्यंत आंबट होतो. नीरेचं तर सूर्य वर आला की ताडीकडे प्रस्थानच. फ्रान्समधल्या बोर्दो भागातली सोतेर्न ही जगातली सर्वांत नावाजलेली गोड वाईन. तिच्यात लिटरमागे १२० ते १५० ग्रॅम साखर असते, म्हणजे बरोबर उसाच्या रसाइतकी. या प्रमाणात साखर जंतूंना अडवत नाही, जेवायला बोलावते. रसवंतीवरचा ग्लास आणि सोतेर्नची बाटली यांच्यातला फरक साखरेत नाही, हे एकदा मान्य केलं की खरा प्रश्न समोर येतो: जेवणाचं ताट वाढलेलं असताना यीस्टला उठवून लावलं कोणी?

वाईन म्हणजे द्राक्षाच्या रसातली साखर यीस्टनं खाऊन तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड केलेलं असतं. यीस्टला मोकळं सोडलं तर ते बहुतेक सगळी साखर संपवतं आणि जी वाईन उरते तिला कोरडी म्हणतात. तिच्यात यीस्टसाठी काही उरलेलंच नसतं, त्यामुळे त्या बाजूनं ती निर्धास्त. गोड वाईन मात्र अर्ध्यावर थांबवलेलं काम आहे. थांबवण्याचा बंदोबस्त ढिला पडला तर काम पुन्हा सुरू होतं, आणि या वेळी बंद बाटलीत. लिटरमागे सुमारे ४ ग्रॅम साखर आंबली की बाटलीत एका वातावरणाइतका जादा दाब तयार होतो. शॅम्पेन करणारे दुसऱ्या आंबवणीसाठी लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर मोजून घालतात आणि सहा वातावरणांचा दाब पेलेल अशी जाड काचेची बाटली वापरतात. शंभर ग्रॅम साखर असलेल्या गोड वाईनचा पाचवा हिस्सा जरी आंबला तरी दाब जवळपास तिथवर पोचतो, आणि साध्या बाटलीचं बूच त्याच्या कितीतरी आधी हार मानतं. नाताळासाठी घरी केलेल्या द्राक्षाच्या गोड वाईनची बाटली कपाटात अचानक फुटते, त्यामागे हा एवढाच हिशोब असतो.

यीस्टला थांबवण्याची सर्वांत दांडगी रीत पोर्तुगालच्या डोरो नदीच्या खोऱ्यातली. तिथे रस आंबत असतानाच, निम्मी-अर्धी साखर शिल्लक असताना, त्यात सुमारे ७७ टक्के अल्कोहोल असलेली द्राक्षांची दारू ओततात. एकूण अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांवर जातं, यीस्ट मरतं आणि साखर तशीच राहते. हीच पोर्ट. डोरोच्या खोऱ्याची हद्द १७५६ साली मार्केस द पोंबालनं आखून दिली आणि आज युरोपात तिथल्या वाईनलाच पोर्ट म्हणता येतं. गोव्यात पोर्तुगीज १९६१ पर्यंत होते, त्यांच्याबरोबर हे नाव तिथे रुजलं आणि तिथल्या गोड लाल वाईनला चिकटलं. पण नाव सारखं म्हणून टिकण्याची ताकद सारखी असं होत नाही. बाटलीवर अल्कोहोलचा आकडा छापलेला असतो. तो १९-२० ऐवजी १२-१४ च्या घरात असेल तर डोरोच्या पोर्टचे टिकण्याचे नियम त्या बाटलीला लावू नयेत. वाईनचा व्हिनेगर करणारे जिवाणू साधारण पंधरा टक्क्यांच्या पुढे फारसे वाढू शकत नाहीत, त्याखाली उघडी बाटली त्यांना आंदण मिळते. एका टेबलावर एकाच नावानं उभ्या असलेल्या दोन बाटल्यांपैकी एक उघडल्यावर महिनाभर चालते आणि दुसरी आठवड्यात उतरते, याचं उत्तर लेबलच्या कोपऱ्यातल्या त्या बारीक आकड्यात आहे.

सोतेर्नमध्ये बाहेरून दारू घालत नाहीत, अल्कोहोल तेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास असतं. तिथे राखणदार आहे गंधक, म्हणजे सल्फर डायऑक्साइड. युरोपीय कायदा कोरड्या लाल वाईनला लिटरमागे १५० मिलिग्रॅम आणि कोरड्या पांढऱ्या वाईनला २०० मिलिग्रॅमची मर्यादा घालतो, पण सोतेर्नसारख्या वाईनला ४०० पर्यंत मुभा देतो. हा लाड नाही, गरज आहे. साखर आणि द्राक्षांवर वाढलेल्या बोट्रायटिस बुरशीमुळे तयार झालेले पदार्थ गंधकाला पकडून ठेवतात, आणि पकडलेलं गंधक पहाऱ्याच्या कामाचं नसतं. मोकळं थोडंच उरतं, म्हणून एकूण जास्त लागतं. जोडीला चांगली आम्लता हवी. बाटली उघडली, हवा शिरली की हे मोकळं गंधक हळूहळू संपतं. पहारेकरी ड्यूटीवरून उतरतो, आणि साखर तर तिथेच असते.

इथे जाणकार वाचक एक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. हंगेरीतल्या तोकाय गावाची एसेन्सिया नावाची वाईन आहे. बुरशीनं सुकवलेल्या द्राक्षांच्या ढिगातून, केवळ त्यांच्याच वजनानं, थेंब थेंब गळणारा रस म्हणजे ती. तिच्यात लिटरला किमान ४५० ग्रॅम साखर असावी लागते. यीस्ट तिथे अक्षरशः पाकात पडलेल्या मुंगीसारखं होतं. आंबायला वर्षं लागतात आणि अल्कोहोल अनेकदा पाच टक्क्यांपर्यंतही पोचत नाही. ही वाईन खरोखर साखरेनं टिकते, मोरावळ्याच्याच न्यायानं. पण ती चमच्यानं चाटायची वस्तू आहे आणि जगात तिच्या बाटल्या मोजक्या निघतात. तिच्यामुळे मूळ मुद्दा उलट पक्का होतो, कारण साखर राखणदार व्हायला किती लागते ते ती दाखवते. बाकीच्या गोड वाईन त्या पातळीच्या आसपासही नाहीत.

आपल्याकडे नाशिकमध्ये होणारी गोड वाईन, उदाहरणार्थ सुलाची लेट हार्वेस्ट शेनँ ब्लाँ, तिसऱ्या गटातली. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून त्यांची साखर वाढू द्यायची आणि साखर उरलेली असतानाच आंबवणी थांबवायची. अशा वाईनमध्ये आधुनिक कारखाने गारव्याचा, गंधकाचा आणि यीस्ट अडकेल इतक्या बारीक गाळणीचा आधार घेतात. वाईनचे ‘आजार’ सूक्ष्मजीवांमुळे होतात हे लुई पाश्चरनं दाखवून दिलं. १८६३ मध्ये तिसऱ्या नेपोलियननं त्याला या कामाला लावलं आणि १८६६ मध्ये त्याचा वाईनवरचा ग्रंथ निघाला. तापवून जंतू मारण्याची पाश्चराइझ करण्याची युक्ती दुधाच्या आधी वाईनवर झाली, हे आपण विसरतो. गाळलेली बाटली बंद असेपर्यंत जवळपास निर्जंतुक असते. तिचा कच्चा दुवा म्हणजे बूच काढण्याचा क्षण. त्यानंतर तिच्यात दारूचा जोर नाही आणि गंधकही बेताचं, त्यामुळे ती फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत, फार तर आठवडाभरात संपवावी.

चौथी रीत सर्वांत विलक्षण, आणि तिचा आपल्या किनाऱ्याशी खरा संबंध आहे. आफ्रिकेच्या वायव्येला अटलांटिकमध्ये मदेइरा हे पोर्तुगीज बेट आहे. पूर्वेकडे निघालेली जहाजं तिथे थांबून वाईनची पिंपं भरून घेत. विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या पोटात ती महिनोन्महिने तापत, हिंदकळत. कोणत्याही साध्या वाईनचं या प्रवासात वाटोळं झालं असतं. मदेइराचं उलट झालं: न खपता परत आलेली पिंपं निघतानापेक्षा चांगली लागतात हे लोकांच्या ध्यानात आलं. अशा फेरी करून आलेल्या वाईनला पोर्तुगीजांनी ‘विन्यो दा रोदा’, म्हणजे फेरीची वाईन, असं नाव दिलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई-मद्रासच्या साहेबांच्या टेबलावर मदेइरा असे, त्याचं एक कारण हेच की आपल्या हवेला पुरून उरणारी वाईन तीच होती. आज जहाजाची फेरी कोणी करवत नाही. एक तर वाईन टाकीत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात, किंवा चांगली असेल तर माळ्यावरच्या पिंपांत उन्हाच्या उबेनं वर्षानुवर्षं शिजू देतात. शिवाय तिच्यात दारूही घातलेली असते. म्हणजे उष्णता आणि हवा मिळून वाईनचं जे वाईट करू शकतात, ते सगळं हिशोबानं आधीच करून घेतलेलं आहे. उघडलेली मदेइरा कित्येक महिने, प्रसंगी वर्षभरही, ठीक राहते. तिच्यात बिघडायचं फारसं काही शिल्लकच नसतं.

यावर कोणी म्हणेल, मग नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात तापलेली आपली बाटलीही मदेइरा का होऊ नये? कारण मदेइराची द्राक्षं कमालीची आंबट असतात आणि तो आंबटपणा तापवल्यानंतरही वाईनला ताठ उभी ठेवतो. कारण तिच्यात सतरा टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं. आणि कारण ती पिंपात तापते, जिथून उडून जाण्यासारखं ते उडून जातं आणि उरलेलं घट्ट होत जातं. बंद बाटलीत तापलेल्या नाजूक वाईनला यातलं काहीच लाभत नाही. रासायनिक क्रियांचा वेग दहा अंशांमागे ढोबळमानानं दुप्पट होतो. बारा अंशांच्या तळघरात जी झीज चार वर्षांत व्हावी, ती बत्तीस अंशांच्या खोलीत साधारण वर्षात होते, आणि ४५ अंश गाठणाऱ्या मे महिन्याबद्दल बोलायलाच नको. शिवाय तापलेली वाईन फुगते, बूच वर रेटते, गार झाली की आक्रसून हवा आत ओढते. बाटलीच्या मानेवर चिकट ओघळ दिसला किंवा बूच काठाच्या वर आलेलं दिसलं, तर उघडण्याआधीच अर्धा निकाल लागलेला असतो.

आता ‘बिघडली’ या शब्दाकडे येऊ. दूध नासलं की नासलं, त्यात मतभेद नसतो. गोड वाईनमध्ये मात्र एकच वास एका बाटलीत दोष असतो आणि दुसरीत तिची किंमत. याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या डब्यात आहे. मेथीदाण्याला जो वास येतो तो मुख्यतः सोटोलॉन नावाच्या रेणूचा. हाच रेणू पिंपात वर्षानुवर्षं मुरलेल्या टॉनी पोर्टमध्ये, मदेइरामध्ये, जुन्या सोतेर्न आणि तोकायमध्ये तयार होतो. युरोपातले जाणकार तो वास सांगताना अक्रोड, कॅरमेल, करी पावडर अशा उपमा शोधत बसतात. बाळंतिणीसाठी गूळ घालून मेथीचे लाडू वळलेल्या घरातल्या कोणालाही ती अडचण येणार नाही. वीस वर्षांच्या टॉनीत हा वास आला तर ती आपल्या वयाला शोभेशी झाली आहे. दोन वर्षांपूर्वीच्या ताज्या, फळांच्या चवीसाठी केलेल्या गोड पांढऱ्या वाईनमध्ये तोच आला, तर हवेनं ती अकाली म्हातारी केली आहे. सोन्यासारखा पिवळा रंग गडद होत तांबूस होणं जुन्या सोतेर्नला साजतं, कालच्या नाशिकच्या बाटलीला नाही. तेव्हा प्रश्न ‘वास कसा येतो’ एवढाच नाही. हा बदल या वाईनसाठी योजलेला होता का, हे विचारायचं.

काही खुणा मात्र कुठल्याच वाईनमध्ये माफ नाहीत. जी वाईन बुडबुड्यांची नाही ती ग्लासात चुरचुरायला लागली, गढूळ झाली, उघडताना फुस्स असा आवाज आला, तर यीस्ट पुन्हा जागं झालं आहे. नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा आणि व्हिनेगरसारखा नाकात जाणारा वास आला, तर जिवाणूंनी अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल आणि त्याच्या सोबतीचा इथाइल ॲसिटेट करायला घेतला आहे. बुरशी लागलेल्या द्राक्षांच्या सोतेर्न-तोकायमध्ये याची किंचित झुळूक मुळातच असते आणि ती चालवून घेतली जाते, पण झुळूक वेगळी आणि झोत वेगळा. पावसाळाभर ट्रंकेत राहिलेल्या ओलसर पुठ्ठ्यासारखा वास आला, तर दोष बुचाचा. त्याला जबाबदार असलेला टीसीए हा रेणू १९८२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी ओळखला. लिटरमध्ये एका ग्रॅमचे काही अब्जांश इतका तो असला तरी माणसाचं नाक त्याला पकडतं. ही बाटली कितीही नीट ठेवली असती तरी वाचली नसती. उलट तळाशी किंवा बुचाला दिसणारे काचेच्या चुऱ्यासारखे खडे पाहून घाबरू नये, ते द्राक्षातलंच टार्टारिक आम्ल पोटॅशियमबरोबर गोठलेलं असतं. जुन्या व्हिंटेज पोर्टच्या तळचा गाळही तसाच निरुपद्रवी. ती न गाळताच बाटलीत भरतात, म्हणून पिण्याआधी हळूच ओतून वेगळी करायची.

‘एवढा कीस कशाला, जिभेला चांगली लागली म्हणजे झालं’ असंही म्हणता येईल. कोरड्या वाईनबाबत मी त्याला फारसा विरोध करणार नाही. गोड वाईनमध्ये मात्र जीभ हा फितूर साक्षीदार आहे. साखर आंबटपणा झाकते, हे लिंबू सरबत करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या प्रमाणात व्हिनेगर झालेली कोरडी वाईन तोंडात धरवत नाही, त्याच प्रमाणात बिघडलेली गोड वाईन ‘जरा तिखट’ वाटून खाली उतरते. म्हणून इथे नाकाचं आधी ऐकावं, आणि तेही वाईन फार गार नसताना, कारण थंडीत वास दबतात. एक दिलासा मात्र खरा आहे. अशी वाईन प्यायल्यानं विषबाधा होण्याची भीती सहसा नसते, कारण अल्कोहोल आणि आम्ल यांच्या जोडीत माणसाला आजारी पाडणारे नेहमीचे जिवाणू वाढत नाहीत. युरोपात १० टक्के किंवा जास्त अल्कोहोल असलेल्या पेयांना ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ असं छापण्यातूनही सूट आहे. पण विषारी नाही आणि चांगली आहे, या दोन वाक्यांत बरंच अंतर आहे. तारीख छापलेली नाही याचा अर्थ वाईनला शेवट नाही असा दुकानदारही लावतात, तो चुकीचा.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांकडे दोन भारी पुरावे असतात. पहिला शातो दिकेमच्या १८११ सालच्या सोतेर्नच्या एका बाटलीचा. ती २०११ मध्ये ७५ हजार पौंडांना विकली गेली. पण कुठल्या वाईनबद्दल बोलतो आहोत? बुरशीनं घट्ट केलेला रस, भरपूर आम्ल, भरपूर साखर, गार अंधारं तळघर, आणि घट्ट बंद तोंड. तिच्या सोबतीच्या किती बाटल्या वाटेत गेल्या ते कोणी मोजत नाही. लिलावात उरलेल्याच येतात. दुसरा पुरावा घरचा: आसवं आणि अरिष्टं जुनी होतील तशी गुणकारी, असं शार्ङ्गधरसंहितेत सांगितलं आहे. द्राक्षासव तर वाईनचं सख्खं भावंडच. पण त्याच परंपरेत, नासून आंबट झालेल्या मद्याला आणि गोड द्रवाला वेगळं नाव आहे. मुरणं आणि नासणं या दोन गोष्टी आपल्या वैद्यांनी वेगळ्या मोजल्या होत्या. तोंड बंद करून, संधी लिंपून ठेवलेल्या मडक्यातलं आसव जुनं होतं. झाकण रोज उघडलेलं आसव फक्त शिळं होतं.

घरापुरतं बोलायचं तर बहुतेक गोड वाईन वाढवण्यासाठी विकत घेतलेलीच नसते, पिण्यासाठी असते, आणि तिला तळघर नाही, थोडा विचार हवा. बंद बाटलीला काचेचं कपाट ही सर्वांत वाईट जागा, कारण तिथे उजेड आणि उकाडा दोन्ही. सोतेर्नसारख्या वाईन बऱ्याचदा रंग दिसावा म्हणून पारदर्शक बाटलीत भरतात, त्यांना प्रकाशाचा त्रास आणखी. घरातला सर्वांत गार, अंधारा कोपरा, नाही तर सरळ फ्रिज. दोन-चार वर्षं ठेवणार असाल तर फ्रिजच्या कोरड्या हवेत खरं बूच सुकू शकतं, पण दोन-चार महिन्यांत पिणाऱ्यानं त्याची फिकीर करू नये. लांब बुचाची बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहून फुगलेलं राहतं. टॉनी आणि मदेइराला बहुधा प्लास्टिकची टोपी असलेलं छोटं बूच असतं, त्या उभ्याच बऱ्या. त्या बाटलीत आणखी सुधारत नाहीत, त्यांचं म्हातारपण पिंपात उरकलेलं असतं, तेव्हा त्यांना आणखी दहा वर्षं राखण्यात अर्थ नाही. उघडल्यावर मात्र सगळ्या, अगदी पोर्टसुद्धा, फ्रिजमध्येच. साधी रुबी पोर्ट आठवडा-दोन आठवडे, टॉनी महिनाभर, जुनी व्हिंटेज दोन-तीन दिवस, सोतेर्न साधारण आठवडा. थोडी उरली तर छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे वर हवेला जागाच राहत नाही. बाटलीतली हवा ओढून काढणाऱ्या बारीक झडपेच्या पंपांपेक्षा हा उपाय स्वस्त आणि माझ्या मते जास्त भरवशाचा.

आणि काचेच्या कपाटातली ती गोव्याची बाटली? तिच्यात दोन बोटं वाईन उरली असेल आणि वर तीन वर्षांची हवा, तर निकालासाठी तज्ज्ञ नको. ग्लासात ओतून नाकाशी न्यावी. नेलपॉलिशचा झोत आला तर मोरीत. तिचं चांगलं व्हिनेगरही होणार नाही, कारण व्हिनेगर हे निगुतीनं करायचं काम आहे, दुर्लक्षानं होणारं नाही. झोत नसेल, फक्त फळाचा वास उडून मनुकांचा उरला असेल, तर दालचिनी घालून मंद आचेवर आटवावी आणि त्यात नासपतीच्या फोडी शिजवाव्यात. नवी बाटली उघडाल तेव्हा तिच्या पाठीमागे एक चिकटपट्टी लावून त्यावर बॉलपेननं उघडल्याची तारीख घाला. कारखान्यानं न छापलेली तारीख ती हीच.